बाळाचं वजन केलं, आईचं मन कोण बघणार?

बाळ दीड महिन्याचं झालं की लसीकरणासाठी दवाखान्यात आणतात. सोबत आई, आजी, कधी मावशी. बाळाचं वजन होतं, लांबी मोजतात, डोक्याचा घेर बघतात. कार्डावरच्या आलेखात एक ठिपका वाढतो. आजी विचारते, "वजन बरोबर आहे ना, डॉक्टर?" मी म्हणते, "छान आहे." मग इंजेक्शन, रडारड, तापाचं औषध, आणि पुढची तारीख. पाच मिनिटांत सगळं आटोपतं.

या पाच मिनिटांत एका माणसाला कुणीच काही विचारत नाही. ते माणूस म्हणजे आई.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पहिलटकरीण होती, वय बावीस-तेवीस. बाळाला घेऊन चार-पाच वेळा आली. दर वेळी सासूबाई बोलायच्या आणि ही खाली मान घालून बसायची. "हिला दूध पुरत नाही, हिला अशक्तपणा आहे, ही नीट जेवत नाही." मी लोहाच्या गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं, शतावरी चालेल म्हणाले. "कशी आहेस?" असं एकदा विचारल्याचं आठवतं. "बरी आहे," असं उत्तर आल्याचंही आठवतं. बाळ सहा महिन्यांचं असताना ती एका दुपारी स्वतःला संपवायला निघाली. शेजारणीच्या वेळीच लक्षात आलं म्हणून वाचली. पुढे मानसोपचार झाले, औषधं झाली, आता ती व्यवस्थित आहे. पण मी जुने केसपेपर काढून पाहिले, तर त्यात बाळाच्या वजनाचे पाच आकडे होते आणि आईबद्दल एकच शब्द होता: 'अशक्तपणा'.

तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचत आले. वाचता वाचता एक गोष्ट अशी कळली, की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या त्या पेशंटच्या शेजारणीने जे आपसूक केलं, ते रीतसर कसं करावं याचा शोध रावळपिंडीच्या खेड्यांत आणि गोव्यात मिळून लागला आहे. होय, पाकिस्तानातली रावळपिंडी.

आधी आजार समजून घेऊ

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं, जीव उगाच कातर होणं हे पुष्कळ बायकांना होतं. संप्रेरकांची उलथापालथ, जागरण, टाक्यांचं दुखणं, अचानक अंगावर आलेली जबाबदारी अशी त्याची कारणं असतात. दोन आठवड्यांच्या आत हे बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. त्याला आजार म्हणत नाहीत.

दोन आठवडे उलटले तरी मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप लागत नाही, भूक नाही, 'मी वाईट आई आहे' हा विचार पाठ सोडत नाही, कधी मरणाचे विचार येतात. असं असेल तर ते प्रसूतीनंतरचं डिप्रेशन असू शकतं. हा आजार आहे. ती नाटकं करत नाही, तिला दृष्ट लागलेली नाही, बाहेरची बाधा नाही आणि 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही' हेही खरं नाही. तुमच्या वेळीही होतं. फक्त त्याला नाव नव्हतं.

शंभरातल्या बावीस

हे प्रमाण किती? माझ्या दवाखान्यातल्या अनुभवावर विचाराल तर मी कदाचित म्हणेन, 'वर्षातून दोन-तीन दिसतात'. आणि मी साफ चुकेन. ज्या माझ्यापर्यंत येतात आणि ज्यांचं मला ओळखू येतं, तेवढ्याच मी मोजणार. मानसोपचारतज्ज्ञ मोजतील ते त्यांच्यापर्यंत पोचलेल्या. ज्या कुणापर्यंतच पोचल्या नाहीत, त्या कुणाच्याच हिशोबात नाहीत.

म्हणून संशोधकांना दवाखान्याबाहेर पडावं लागतं. एखाद्या भागातल्या सगळ्या बाळंतिणींना, तक्रार असो वा नसो, ठरावीक प्रश्न विचारायचे आणि मग मोजायचं. सबंध लोकसंख्येच्या मनाचा अभ्यास म्हणजे हाच. भारतातल्या अशा ३८ अभ्यासांची, वीस हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक आढावा छापून आला. त्यात निघालेलं प्रमाण होतं २२ टक्के. म्हणजे पाचांत एक.

आता आपल्या ओळखीतली शेवटची पाच बारशी आठवून बघा.

गोव्यात हाच अभ्यास त्याच्या बऱ्याच आधी झाला होता. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात गरोदरपणापासून २७० स्त्रियांचा मागोवा घेतला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना डिप्रेशन होतं. यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. कारणांमध्ये गरिबी होती आणि नवऱ्याशी असलेले वाईट संबंध होते. मुलगा झाला की मुलगी, याचाही त्यात हात होता. संप्रेरकं सगळ्यांचीच बदलतात, पण कुणाचं मन मोडेल हे घरही ठरवतं. दवाखान्यात बसून मला हे कधीच कळलं नसतं.

प्रश्न विचारायचा, पण कोणत्या भाषेत?

इथे एक गंमत आहे. मनाचा आजार रक्ताच्या थेंबात सापडत नाही. प्रश्न विचारूनच शोधावा लागतो. यासाठी जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची यादी १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली. एडिंबरा स्केल म्हणतात तिला. ती गोव्यात कोकणीत आणून वापरली गेली. पण नुसता शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. आपल्याकडची बाई 'मला डिप्रेशन आलंय' म्हणत नाही. ती म्हणते, 'जीव लागत नाही', 'डोकं भणभणतं', 'अंगात त्राण नाही', 'छातीत धडधडतं'. हे शब्द प्रश्नांत नसतील, तर ती सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हणेल आणि आपण 'सर्व ठीक' असं लिहून मोकळे होऊ.

डॉ. विक्रम पटेल यांनी हा धडा गोव्याच्या आधी आफ्रिकेत घेतला. नव्वदच्या दशकात ते झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे काम करत होते. तिथल्या शोना भाषेत एक शब्द आहे, 'कुफुंगिसिसा'. अर्थ, अति विचार करणं. 'लई विचार येतात हो' म्हणत माझ्यासमोर बसणारी बाई आणि हरारेची बाई एकच गोष्ट सांगत असतात. पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्याच शब्दांतून शोना प्रश्नावली तयार केली. मग १९९६ साली गोव्यात 'संगथ' ही संस्था उभी राहिली. आणि हरारेत पुढे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तिथल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर बसवलं. मन मोकळं करायला येणाऱ्यांसाठी. 'फ्रेंडशिप बेंच' म्हणून ते काम आज जगाला माहीत आहे.

रावळपिंडीची गोष्ट

२००३ साली गोव्याच्या संशोधकांनी दाखवलं, की डिप्रेशन असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनाने आणि उंचीने मागे राहतात. २००४ साली रावळपिंडीच्या ग्रामीण भागातून डॉ. अतीफ रहमान यांनी जवळजवळ तेच सांगितलं. सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन गट, त्याच सुमारास, त्याच निष्कर्षाला आले. आश्चर्य कशाचं? सासर, माहेर, मुलग्याची वाट बघणं, तुटपुंजी मिळकत, बाळंतिणीचं खोलीत कोंडणं; दोन्हीकडे सारखंच.

पाकिस्तानात आपल्या आशाताईंसारख्या 'लेडी हेल्थ वर्कर' आहेत. १९९४ पासून त्या घरोघर जातात. रहमान यांच्या गटाने त्यांना मनाच्या उपचाराचं सोपं प्रशिक्षण दिलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा-अकरा महिन्यांचं होईपर्यंत प्रत्येक आईकडे सोळा भेटी. पायऱ्या तीन. घातक विचार ओळखायचा, त्याच्या जागी उपयोगी विचार आणायचा, आणि तो कृतीत आणून बघायचा.

उदाहरण देते. बाळ दूध ओढत नाही. आईच्या मनात येतं, 'मी कसली आई, मला एवढंही जमत नाही'. मग ती बाळाला सासूकडे देते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. बाळ आणखी दूर जातं, विचार आणखी घट्ट होतो. ताई चित्र दाखवून विचारते, 'असा विचार आल्यावर तू काय करतेस? दुसरं काय म्हणता येईल? पहिल्या बाळाला सगळ्यांनाच शिकावं लागतं, असं म्हटलं तर? मग उद्या काय करून बघशील?' आणि पुढच्या भेटीत विचारते, 'जमलं का?' एवढंच. औषध नाही, पलंग नाही, 'मनोरुग्ण' हा शिक्का नाही.

चाळीस भागांची सोडत काढून निम्म्या भागांत प्रशिक्षित ताई आणि निम्म्यांत अप्रशिक्षित ताई गेल्या. भेटी दोन्हीकडे सारख्याच. सहा महिन्यांनी डिप्रेशन उरलेल्या माता पहिल्या गटात शंभरातल्या २३, दुसऱ्यात ५३. वर्षानंतर २७ आणि ५९. हे २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. नुसतं घरी जाऊन चहा पिऊन येण्याने भागत नाही. काय बोलायचं ते शिकावं लागतं, हे त्यातून कळलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पुस्तिकाच काढली.

सखी आणि रझाकार

पुढचा प्रश्न आला. आरोग्यसेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे. मग हेच काम गावातल्या, त्याच वस्तीतल्या, स्वतः आई झालेल्या साध्या बायकांना जमेल का? हे शोधायला गोवा आणि रावळपिंडी एकत्र आले. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा, शास्त्रज्ञ भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनचे. गोव्यात त्या बायकांना 'सखी' म्हटलं, पाकिस्तानात 'रझाकार', म्हणजे स्वयंसेविका. हे चाललं होतं २०१४ ते २०१६ या काळात, जेव्हा दोन देशांत क्रिकेटची मालिकासुद्धा होत नव्हती.

२०१९ साली दोन्ही निकाल आले. गोव्यात २८० स्त्रिया होत्या. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी सखी भेटलेल्यांपैकी ७३ टक्के आजारातून बाहेर आल्या होत्या. 'वा!' म्हणण्याआधी थांबा. ज्यांना सखी नव्हती त्यांच्यातल्या ६० टक्केही बाहेर आल्या होत्या. रावळपिंडीत ५७० स्त्रिया होत्या आणि तिथे सहा महिन्यांनी दोन गटांत ठळक फरक दिसला नाही.

तुम्ही म्हणाल, मग फुसका बार? मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते.

पहिलं म्हणजे, तुलनेचा गट कशासाठी ठेवतात ते इथे लख्ख दिसतं. तो नसता तर ७३ हा आकडा घेऊन कुणीही चमत्काराची जाहिरात केली असती. व्हॉट्सअॅपवर 'अमुक काढ्याने शंभरातल्या सत्तर बऱ्या' असं येतं, तेव्हा एवढंच विचारा: काढा न घेतलेल्यांतल्या किती बऱ्या झाल्या? दुसरं, शंभरामागे तेरा जास्तीच्या आया बऱ्या होणं हे थोडं वाटतं, पण आपल्या राज्यात वर्षाला किती बाळंतपणं होतात याचा विचार करा. आणि तिसरं, एकच गोष्ट दोन ठिकाणी करून पाहिली म्हणूनच कळलं, की ती सगळीकडे सारखी लागू पडत नाही. एकट्या गोव्यावरून आपण फुशारलो असतो, एकट्या रावळपिंडीवरून निराश झालो असतो. शेजाऱ्याबरोबर मिळून अभ्यास केल्याचा फायदा हाच असतो.

आईसाठी आई

आता मला खटकलेली गोष्ट. रावळपिंडीच्या घरांत 'तुमच्या सुनेच्या मनावर उपचार करायचाय' म्हटलं असतं तर दार उघडलं नसतं. म्हणून ताई म्हणत, 'बाळ चांगलं वाढावं म्हणून आलोय'. मग सासूही शेजारी बसून ऐके. युक्ती म्हणून उत्तम. मीही वापरते. पण २००८ च्या त्या अभ्यासात आया बऱ्या झाल्या, लसीकरण वाढलं, जुलाब कमी झाले, तरी वर्षभरात बाळांच्या वजन-उंचीत मात्र फरक पडला नाही.

मग काय, आई बरी झाली ती फुकट गेली?

माझं मत स्पष्ट आहे. आईचं दुःख कमी झालं, एवढं एकच कारण पुरेसं आहे. बाळाचं वजन वाढो न वाढो. पायाचं हाड मोडलं तर आपण 'हिने बाळ कसं उचलायचं' म्हणून प्लास्टर घालत नाही, तिला दुखतं म्हणून घालतो. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असं आपण म्हणतो आणि मग डिंकाचे लाडू देऊन तिला विसरतो.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताईंनी ४२ दिवसांत सहा वेळा घरी यावं असं ठरलेलंच आहे. त्या बाळाचं वजन करतात, ताप बघतात. याच भेटींत आईला दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का? आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? उत्तर 'हो' आलं, तर पुढे कुणाकडे पाठवायचं हेही ठरलेलं असावं, नाहीतर विचारून काय उपयोग? आणि या कामाचं प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही आशाताईंना मिळावं. बायकांच्या मनाचं काम बायकांनीच फुकटात करावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. लसीकरणाच्या खोलीतल्या आम्हा डॉक्टरांनाही हेच दोन प्रश्न लागू.

कुणी म्हणेल, पाकिस्तानातली पद्धत आपण का घ्यायची? स्कॉटलंडचे प्रश्न आपण घेतले, आफ्रिकेचा अनुभव घेतला, देवीची लस इंग्लंडकडून घेतली. रावळपिंडीच्या सुनेला आलेला गुण आपल्या सुनेला येणार असेल, तर नाव विचारून परत पाठवणार का?

तुम्ही काय करू शकता

तुम्ही बाळंतीण असाल तर: दोन आठवड्यांहून जास्त मन ठिकाणावर नसेल, तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना तसं सांगा. 'अशक्तपणा' म्हणू नका, 'मन बरं नाही' म्हणा. औषधांची गरज पडली तर अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत. आधीपासून चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तुम्ही नवरा असाल तर: रात्रीची एक पाळी तुमची. सलग चार-पाच तास झोप हे तिच्यासाठी औषधच आहे. आणि 'काय झालंय तुला?' असं न विचारता 'कसं वाटतंय?' असं विचारा. फरक पडतो.

तुम्ही सासू किंवा आई असाल तर: बाळाला बघायला आलेल्यांसमोर तिच्या दुधाचा हिशोब मांडू नका. मुलगी झाली म्हणून उसासा टाकू नका. तो तिला ऐकू जातो.

तुम्ही शेजारीण असाल तर: जा, बसा, बाळ मांडीवर घ्या आणि तिला अंघोळीला पाठवा. आल्यावर तिचं ऐका. सल्ला नंतर.

आणि हे मात्र कुणीही विसरू नका. आई असंबद्ध बोलत असेल, तिला भास होत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, बाळाबद्दल भलतंच काही बोलत असेल किंवा जीव द्यायचं बोलत असेल, तर ती तातडीची वेळ आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर आजच लिहून ठेवा.

माझ्याकडे आता दीड महिन्याचं बाळ आलं, की मी आधी आजीच्या हाती बाळ देते आणि वजन करायला बाहेर पाठवते. दार लोटून आईकडे वळते आणि दोन प्रश्न विचारते. पुष्कळदा उत्तर 'बरी आहे' असंच येतं. मग मी आणखी थोडं थांबते.